खेडचा चाकरमानी आणि त्याचे बिऱ्हाड

मागच्या शिमग्यातली गोष्ट. देवाची पालखी आमच्या अंगणातून पुढच्या घरी गेली, ढोलाचा आवाज वाडीच्या वळणाआड विरला, आणि गर्दी पांगल्यावर माझा एक जुना विद्यार्थी ओटीवर येऊन बसला. मुंबईला फोर्टातल्या एका कचेरीत तो हिशेबाचे काम करतो. लग्नाला चार वर्षे झाली, मुलगी अडीच वर्षांची. पण बायको आणि मुलगी इथे गावी त्याच्या आईजवळ, आणि हा तिकडे काळाचौकीला आणखी चौघांबरोबर एका खोलीत. चार पैसे साठले आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा. दिव्याला घेऊ, बदलापूरला घेऊ, की नालासोपाऱ्याला?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, मी इतिहासाचा मास्तर. घर कुठं घ्यावं हे दलालाला विचार."

"दलालाला विचारलं सर," तो म्हणाला. "तो म्हणतो, तिन्ही ठिकाणी घ्या."

तो गेला, पण मला काही झोप लागेना. कारण हाच प्रश्न आमच्या घरात याआधी दोनदा पडलेला होता. एकदा माझ्या आजोबांना, एकदा वडिलांना. आणि दोघांनी दोन निराळी उत्तरे दिली. ही केवळ आमच्या घरची कथा नव्हे. खेड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा, ओटीवर बसा आणि म्हाताऱ्या माणसाला विचारा, "मुंबईला तुमची जागा कुठं होती?" लालबाग, परळ, डिलाइल रोड, काळाचौकी अशी नावे येतील. त्याच्या मुलाला विचारा, तो डोंबिवली, विरार सांगेल. नातू बदलापूर नाहीतर पनवेल सांगेल. एका घराच्या तीन पिढ्यांत मुंबईची जागा पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेला आणि पूर्वेला कशी सरकली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आपला माणूस मुंबईला का गेला, हे श्रोत्यांना मी सांगायला नको. डोंगरउताराची वरकस जमीन, त्यात नाचणी-वरी. भाताची खाचरे थोडी, आणि त्यांवर खोताचा हक्क. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्यानंतर. तोवर खोताचे देणे रोख पैशात उभे करायचे तर तो पैसा मुंबईखेरीज दुसरीकडे कुठे मिळणार? मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचा भाग धुराड्यांनी भरून गेला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरून. मुंबईची वस्ती त्या वेळी पावणेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या पाच-सहा माणसांमागे एक आपल्या जिल्ह्याचा.

आणि जायचे कसे? खेडच्या बंदरातून भरतीच्या पाण्याबरोबर होडीने जगबुडी उतरून खाडीत, तिथून दाभोळ, आणि दाभोळहून आगबोट. पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीला घरी आलेला माणूस एकदा परतला की समुद्र खुला होईपर्यंत त्याचे तोंड दिसणे कठीण. पाण्याची भीती किती खरी होती हे पुढे १९४७ साली दिसले. जुलैच्या सतरा तारखेला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. ती आपल्या दाभोळची बोट नव्हती, तरी कोकणातल्या घराघरांत त्या दिवशी चूल पेटली नाही असे जुनी माणसे सांगत.

आजोबा अशाच आगबोटीने गेले. लालबागला आमच्या गावाची एक खोली होती. 'गावाची खोली' ही काय चीज होती ते आजच्या मुलांना सांगावे लागते. गावकरी मंडळाच्या नावावर भाड्याने घेतलेली दहा बाय बाराची जागा. गावचा जो माणूस गिरणीत लागेल त्याने महिन्याची वर्गणी भरायची आणि तिथे पाठ टेकायची. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरचा एक खिळा. वीस-पंचवीस माणसे एका खोलीत मावत, कारण सगळी एका वेळी नसत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळीत. ती चालवणारी बाई बहुधा आपल्याच मुलुखातली, घाटावरची असली तरी हात तोच. पगाराच्या दिवशी तिचे पैसे, किराणावाल्याचे पैसे, मग पोस्टात जाऊन घरी मनीऑर्डर.

या खोलीत आजीला जागा नव्हती. ती जन्मात एकदाच मुंबईला गेली, डोळ्यांच्या दवाखान्यासाठी, आणि पंधरा दिवस चाळीत दुसऱ्याच एका बिऱ्हाडाच्या मोरीशेजारी निजली. आल्यावर तिने सांगितले, "तिकडं पानी पन रांगेत हुबं ऱ्हातंय." बस्स, एवढेच. बाकी मुंबई तिला विशेष वाटली नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की आजोबांच्या पिढीपुढे "कुटुंबासाठी कोणते उपनगर" हा प्रश्नच नव्हता. कुटुंब खेडला ठेवायचे, हेच त्यांचे उत्तर. थोडा विनोद करून बोलायचे तर खेड हेच त्यांचे उपनगर होते. फरक इतकाच की त्यांची लोकल वर्षातून दोनदा सुटे, एक शिमग्याला आणि एक गणपतीला.

आता इथे एक शंका येते, आणि वर्गात ती एका मुलीने मला विचारलीही. आगगाडी तर १८५३ सालीच सुरू झाली होती. बोरीबंदर ते ठाणे एकवीस मैल. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि पश्चिमेकडच्या बाजूला विरारहून मुंबईला रोजची गाडी १८६७ पासून येऊ लागली. मग गिरणीतल्या माणसाने ठाण्याला, कुर्ल्याला स्वस्तात झोपडे बांधून बायकोमुले का आणली नाहीत?

याचे उत्तर भाड्याच्या तक्त्यात नाही, गिरणीच्या दरवाजात आहे. पुष्कळ माणसे बदली कामगार असत. रोज पहाटे भोंग्याच्या आधी दरवाजात जाऊन उभे राहायचे. ज्याचा माणूस गैरहजर त्याच्या जागी मुकादम बोट दाखवून एकाला आत घेई. बोट दाखवले तर रोज, नाही तर परत. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय मुकादमाच्या डोळ्यांसमोर राहणे, त्याच्याच नात्यातल्या किराणावाल्याकडे उधारी ठेवणे, संप झाला तर त्या उधारीवर दोन महिने काढणे, हे सगळे पायी जाण्याच्या अंतरातच शक्य होते. भायखळ्यापलीकडे आणि दादरच्या अलीकडे राहणे हा त्याचा नोकरीचा विमाच होता म्हणा ना.

इंग्लंडात असाच प्रश्न निघाला तेव्हा पार्लमेंटने १८८३ साली कायदा करून आगगाडी कंपन्यांना पहाटेच्या स्वस्त कामगार-गाड्या सोडायला लावले. त्यातून लंडनच्या ईशान्येला एडमंटन, वॉल्थमस्टो अशी गावे मजुरांच्या घरांनी भरली. तिथल्या सुताराने, गोदीकामगाराने कुटुंब घेऊन गावाबाहेर जाणे सुरू केले ते अशा गाड्यांच्या बळावर. आपल्याकडे तसा कायदा त्या काळी झाला नाही. सरकारने केले ते निराळेच. १९२० साली डेव्हलपमेंट खाते काढून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली एकशेसाठ चौरस फूट. आणि आश्चर्य पहा, घरटंचाई इतकी असून वरळीच्या खोल्या सुरुवातीला पुष्कळशा रिकाम्या राहिल्या! भाडे जास्त, आजूबाजूला बाजार नाही, गिरणी लांब. कागदावर उत्तम असलेली जागा माणसे का घेत नाहीत, हे शिकायला तो धडा चांगला आहे. पुढे त्याच खोल्यांसाठी माणसे जीव टाकू लागली ही गोष्ट वेगळी.

मग आगगाडीने आधी कोण गेले? पांढरपेशे. १८९६ च्या प्लेगने मुंबईला हादरवले. लोक गाव सोडून पळाले, कोणी उपनगरात झोपड्या टाकून राहिले. १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याचा भाग आखून वसवला. मग वीज आली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत, १९३६ साली विरारपर्यंत. कचेरीत दहा ते पाच काम करणाऱ्या, महिन्याच्या एक तारखेला ठराविक पगार घेणाऱ्या माणसाला ही गाडी म्हणजे वरदान. त्याला पहाटे कोणाच्या बोटाची वाट पाहायची नव्हती. पगार कायम असला की मगच माणूस लांब राहू शकतो. ही साधी गोष्ट उपनगरांच्या इतिहासात बरेचदा नजरेतून सुटते.

शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पार्ल्याला मराठी वस्ती वाढू लागली तेव्हा तिथे मराठी शाळा हवी होती. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले, आणि दोन वर्षांनी लोकमान्य सेवा संघ. त्यानंतर पार्ले हे बिऱ्हाड करण्याचे ठिकाण झाले. त्याआधी ते हवापालटाचे होते. डोंबिवलीची कथा त्याच वळणाची. तिथले गणेश मंदिर १९२४ सालचे. दिवे नव्हते, पाणी विहिरीचे, स्टेशनाबाहेर पडले की भाताची शेते. पण गिरगावातल्या एका खोलीच्या भाड्यात तिथे दोन खोल्या आणि मागे तुळस लावायला हातभर जमीन मिळे. आमच्या शहरातले एक निवृत्त गुरुजी लहानपणी डोंबिवलीला होते. ते सांगतात, संध्याकाळच्या गाडीच्या वेळी घराघरातून पोरे कंदील घेऊन स्टेशनात बापाला आणायला जात. आधी देऊळ, मग शाळा, मग वाचनालय, आणि या सगळ्यांच्या मागून नगरपालिकेचा नळ! सरकारी आराखड्यात हा क्रम उलटा लिहिलेला असतो.

यात गिरणीतला माणूस मात्र कुठेच नाही, हे ध्यानात ठेवा. खेड-दापोलीचे जे कारकून, शिक्षक, पोस्टातले नोकर होते ते डोंबिवलीला, पार्ल्याला गेले. त्याच गावचा कुणबी, मराठा, बौद्ध कामगार लालबागला किंवा नायगावला राहिला. एकाच आगबोटीतून उतरलेली माणसे भाऊच्या धक्क्यावरून दोन वाटांनी गेली.

स्वातंत्र्याच्या वर्षी भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि जुन्या खोल्यांची भाडी जिथल्या तिथे गोठली. भाडेकरूला त्याने फार मोठा आधार दिला, यात शंका नाही. पण नवी भाड्याची चाळ बांधण्यात मालकाला गोडी उरली नाही. त्यामुळे पागडी वाढली, आणि जी जुनी खोली होती ती सोन्याच्या दागिन्यासारखी झाली. मोडायची नाही, सोडायची नाही. घरात दुसरा भाऊ लग्नाचा झाला की त्याच खोलीत पडदा लागे, तिसरा झाला की पोटमाळा. शेवटी ज्याला माणसासारखे राहायचे त्याने बाहेर पडून घर विकत घ्यायचे, एवढीच वाट राहिली. १९६३ साली मालकीच्या फ्लॅटांचा कायदा झाला, सहकारी सोसायट्या वाढल्या, आणि घर 'लावणे' जाऊन घर 'घेणे' हा शब्द रूढ झाला.

आता आमच्या वडिलांची पाळी. ते १९७० नंतर गिरणीत लागले आणि त्यांनी आजोबांचा नियम मोडला. आईला मुंबईला नेले. काळाचौकीला एका ओळखीच्या माणसाच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून. माझा जन्म तिथला. मी दोन वर्षांचा असताना, १९८२ च्या १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप कसा चालला आणि कसा विरला ते श्रोत्यांना ठाऊक आहे. या तालुक्यात असे घर विरळा ज्याला त्याची झळ लागली नाही. सहा-सात महिने वडिलांनी भाजी विकली. मग एका रात्री आई, मी आणि दोन ट्रंका असे एस. टी. ने कशेडीचा घाट उतरून खेडला आलो. वडील म्हणत, "परत जाऊ." ते परत गेले नाहीत. पुढे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना काम मिळाले आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

माझे काका मात्र टिकून राहिले. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या खोलीची पागडी घेतली आणि नालासोपाऱ्याला दीड खोलीचे घर घेतले. त्या वेळी लालबाग-परळमधली शेकडो कुटुंबे हेच करीत होती. गिरणी गेली, म्हणजे गिरणीजवळ राहण्याचे कारण गेले. आणि गिरणीच्या जमिनीला भाव आला, म्हणजे खोलीलाही भाव आला. एका खोलीच्या पैशात लांबवर दोन खोल्या. डोंबिवलीच्या कारकुनाने जो हिशेब साठ वर्षांपूर्वी केला तोच आता कामगाराने केला, पण फार निराळ्या परिस्थितीत. कारकून पगार कायम झाल्यावर लांब गेला, हा पगार गेल्यावर.

एम. ए. ला असताना मी काकांच्या घरी दोन वर्षे राहिलो. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा जिथे मिळाला, जिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, ते हे गाव. मी इतिहासाचा विद्यार्थी, आणि तो स्तूप पाहायला मला दीड वर्ष लागले! सकाळी गाडी, रात्री गाडी, रविवारी पाण्याचा टँकर. बांधणाऱ्याने नळाचे पाणी 'दोन महिन्यांत' येईल असे सांगितले होते. त्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. काकू टँकरच्या नळीमागे हंडे घेऊन धावे आणि धावता धावता हसत म्हणे, "तुझ्या आजीला सांग रे, हिकडं पाणी रांगेत पण ऱ्हात नाही."

काकांना कचेरी-गाडी धरायला विरारकडे उलटे जावे लागे. उलटे जाऊन बसायची जागा मिळवायची आणि मग पुढे यायचे, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण चर्चगेटपर्यंत छप्पन्न किलोमीटर उभ्याने जाऊन पहा, मग बोला.

१९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा सारा मार्ग देशाला अर्पण झाला, आणि चाकरमान्याच्या हिशेबात एक नवी रकम आली. तोवर घर घेताना तो एकाच दिशेचा विचार करी : कामाला किती लांब? आता दुसरी दिशा आली : गावाला किती जवळ? सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटते आणि खेडला थांबते. पनवेलला तर गोव्याकडचा हमरस्ताही आहे. सिडको १९७० साली निघाली, १९९२ साली खाडीपुलावरून गाडी वाशीला पोचली, पुढे पनवेलपर्यंत गेली. त्यामुळे पनवेल हे जुन्या कोकण-वाटेवरचे विसाव्याचे गाव मुंबईचे दार होऊन बसले. दिव्याला आपल्या तालुक्यातली इतकी माणसे का, याचे अर्धे कारण स्वस्ताई आणि अर्धे कारण ती सकाळची गाडी. गणपतीत मखर, पेट्या आणि पोरे घेऊन दादरच्या गर्दीत चढण्यापेक्षा घराशेजारी चढणे बरे, हे कळायला हिशेबनीस असावे लागत नाही.

पण दिव्याची दुसरी बाजूही आहे. स्टेशन असून पुरेशा गाड्या नाहीत म्हणून २०१५ च्या जानेवारीत तिथे लोक रुळांवर उतरले होते. जलद गाड्या थांबू लागल्या त्या २०१६ च्या डिसेंबरपासून. आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासून खाली पडली, काही जिवानिशी गेली. बदलापूरला हवा चांगली, डोंगर दिसतो, घर मोठे मिळते. पण उल्हास नदी तिथे शेजारी आहे. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी काढावे लागले. जगबुडीच्या काठच्या माणसाला पुराचे नवल नाही, हे खरे. तरी पूर टाळायला म्हणून कोणी खेडहून बदलापूरला जात असेल तर त्याने एवढे माहीत करून घ्यावे.

गिरणी कामगारांच्या वारसांना सरकारी सोडतीत घरे मिळाली, त्यांतली काही पनवेलजवळ कोनला. अलीकडे शेलू-वांगणीची नावे निघाली तेव्हा कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, की आम्हाला मुंबईबाहेर काढू नका. त्यांच्या बापजाद्यांनी निदान स्वतःच्या मनाने जागा निवडली होती, मग ती खिळ्याएवढी का असेना. इथे निवड सोडतीच्या चिठ्ठीची. विरोध मला समजतो.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याच्या घरी गेलो आणि यातले थोडे त्याला सांगितले. त्याने वही काढली. मुंबईच्या टर्मिनसपासून दिवा त्रेचाळीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस, बदलापूर अडुसष्ट. प्रत्येकापुढे चौरस फुटाचा भाव आणि कर्जाचा हप्ता. वही नीट होती, मीच त्याला हिशेब शिकवला असता तर इतकी नीट झाली नसती. मी एक ओळ वाढवली. बदलापूरहून दारापासून दारापर्यंत दोन तास धरले तर जाऊन-येऊन रोज चार, महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर तास. तो गप्प झाला.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "सर, मी एक विचारू का? यांनी तिन्ही जागा रविवारी दुपारी पाहिल्यात. रविवारी दुपारी सगळीच जागा चांगली दिसते."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. शंभर वर्षांत या तालुक्याने मुंबईत जागा निवडल्या, त्या सगळ्या पुरुषांनी निवडल्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया निघाल्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची एकूण वस्ती मात्र घटली. या दोन आकड्यांच्या मधे आपल्या आया-आज्या उभ्या आहेत, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. आईला मी मागाहून विचारले, काळाचौकीचे तुला काय आठवते? वाटले होते, नळ, रांग, काळोखा जिना असे काही सांगेल. ती म्हणाली, "शेजारीण. संपात ती तुला दूध पाजायची. आपल्याकडं पैसे नव्हते तेव्हा." शेजाऱ्याची ही रकम मी विद्यार्थ्याच्या वहीत कुठल्या रकान्यात घालणार होतो?

पुढे ती दोघे मुलीला घेऊन मुंबईला गेली. एका सोमवारी सकाळी, तिन्ही माणसे बदलापूरहून गाडीत चढली. म्हणजे चढायला पाहत होती, दोन गाड्या सोडाव्या लागल्या. मंगळवारी संध्याकाळी दिव्याला उतरून पाहिले. नालासोपाऱ्याला तिने तळमजल्यावरच्या दोन बायांना पाणी किती वाजता येते ते विचारले, आणि दोघींनी निरनिराळ्या वेळा सांगितल्यावर ते घर तिच्या मनातून उतरले. बदलापूरचे घर तिला आवडले होते. पण ती नवऱ्याला म्हणाली, "मुलगी उठायच्या आधी तुम्ही जाणार, निजल्यावर येणार. मग खेडात काय वाईट होतं? तिथं निदान आई आहेत."

शेवटी त्यांनी घर घेतलेच नाही. डोंबिवलीला पूर्वेकडे, अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतले आहे. बालवाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि वरच्या मजल्यावर दापोलीकडचे एक कुटुंब आहे. भाड्यात पैसे वाया जातात असे बँकेचा माणूस त्याला फोनवरून अजून समजावतो. गणपतीत ती तिघे दिव्याच्या गाडीने आली. मुलगी आता तीनची झाली आहे. स्टेशनावर उतरताच तिने आजीला विचारले, ही गाडी परत कधी सुटणार. आजीने सांगितले, गौरी गेल्यावर. करार मार्चमध्ये संपतो, तेव्हा शिमग्याला पुन्हा वही घेऊन येतो असे तो सांगून गेला आहे. मी म्हटले, या वेळी तू येऊ नकोस, सूनबाईला पाठव.